सोवळ्यातली बंदूक

मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

आज माझ्या गळ्यात बंदुका पडल्या. एक नाही, तीन.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक गुरुसिद्धप्पा सरांनी बोलावलं. मला वाटलं, नववीच्या चाचणीचं काही असेल. तर त्यांनी टेबलावर एक गंजकी किल्ली ठेवली आणि म्हणाले, "उपाध्ये, नेमबाजीची खोली आजपासून तुमची." क्रीडाशिक्षकांची बदली झालीय आणि सातवा-आठवा तास रिकामा असलेला अख्ख्या शाळेत मी एकटा. म्हटलं, "सर, मी संस्कृत शिकवतो हो!" तर म्हणतात, "मागच्या वर्षी धनुर्वेदावर तासभर बोलला होतात की. विषय तोच, हत्यार तेवढं बदललंय."

जास्त बोलण्याची शिक्षा अशी मिळते.

मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. संस्थेचं पत्र आलंय. चौदा ऑक्टोबरला धाराशिवला जिल्हा स्पर्धा. तिथून आमचं एक तरी लेकरू लातूरला विभागावर गेलं नाही, तर तिन्ही एअर रायफली दुसऱ्या शाळेला जाणार आणि खोलीत मोडके बाक भरणार. चार वर्षांत कुणी गेलेलं नाही.

घरी येऊन चंद्रप्रभाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही." सत्तावीस वर्षांच्या संसारात हिनं एकदा तरी 'अरे वा' म्हणावं! आता मी हे करूनच दाखवणार. ही वही त्यासाठीच काढलीय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

खोली उघडली. कुलपाला अर्धा तास लागला. शेवटी सिताबाईंनी घासलेट आणून सोडलं तेव्हा ते हललं. सिताबाई आमच्या शाळेच्या शिपाई. उमरग्याच्या या शाळेत त्या माझ्या आधी दोन वर्षं लागल्या आणि हे त्या मला कधी विसरू देत नाहीत.

आत तीन रायफली भिंतीला टेकून उभ्या. लाकडी दस्त्यावर पांढऱ्या रंगात १, २, ३. या मधून मोडायच्या असतात, मग तिथं छर्रा घालायचा. दोन नंबरची मोडतच नाही. म्हणजे कामाच्या दोनच.

सिताबाईंनी तीन नंबरची सराईतासारखी मोडली, खिडकीकडं धरून नळीत डोळा घातला आणि म्हणाल्या, "सर, आत निस्ता काळोख हाय. पलीकडचा उजेड बी दिसंना."

"नळीत काळोख नसणार तर काय ट्यूबलाइट असणार?"

"न्हाय सर. शिशाची मळी बसती, गंज चढतो. मग नेम कितीबी धरा, छर्रा आपल्या मनानं जातो. आमचे मालक कारखान्यावर वॉचमन हुते न्हवं का, त्यांची बंदूक वीस वरसं म्याच पुसली. दोरी घ्यायची, चिंधी बांधायची, मागनं पुढं वढायची. रोज."

मी त्यांना माझं तत्त्व शांतपणे समजावून सांगितलं. चालत्या यंत्राला हात लावू नये. माझी स्कूटर बघा, अकरा वर्षं सर्व्हिसिंग नाही, तरी सुरू होते. उतारावर लावावी लागते आणि चंद्रप्रभाला मागून ढकलावं लागतं, पण सुरू होते. सिताबाईंनी रायफल परत भिंतीला टेकवली. पटलं असावं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

फळ्यावर सूचना लावली होती. अकरा पोरं आली. त्यातल्या नऊ जणांना बंदुकीबरोबर फोटो पाहिजे होता. एकाला बंदूक उचलेना. उरली एक. शिवलीला, नववी ब.

हायवेला तिच्या वडिलांचं कापडदुकान आहे. घरात कानडी बोलतात. संस्कृतात हिला चाचणीत शंभरातले चौदा पडले होते, त्यामुळं ती मला बघून दारातच थबकली आणि मीही थबकलो.

तिनं तीन नंबरची रायफल उचलली. दहा मीटर, वीस छर्रे, दोनशे गुण. मी खुर्चीत बसून कागद बघत होतो. एकशे बावन्न! मागच्या वर्षी विभागावर जायला एकशे अडुसष्ट लागले होते. म्हणजे फार लांब नाही. मी विचारलं, "कुणी शिकवलं गं?"

"कुणी न्हाय सर. ही हातात घेतली की हात आपोआप थांबतो. बाकी कुठं थांबत न्हाय." मग किल्लीकडं बघत म्हणाली, "सर, खोली खरंच बंद होणार का? मग मी कुठं जाऊ? दुसरीकडं कोण देणार मला बंदूक?"

मी म्हणालो, "मी आहे ना." म्हणालो खरा, पण कशाच्या जोरावर? लेकराचा जीव आहे त्यात, आणि मला त्यातलं शष्प कळत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

एकशे एकतीस. रोज दोन-तीन गुण उतरतायत. शिवलीला म्हणते, "सर, मी तिथंच धरते, पण छर्रा तिथं जात न्हाय."

काल रात्रभर विचार करून मी कारण शोधलं. आमची खोली उत्तर-दक्षिण आहे आणि पोरगी नेम धरते दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला! कसा लागेल? आज लक्ष्य उचलून व्हरांड्यात पूर्वेच्या टोकाला नेलं. व्हरांडा रिकामा करवला, दोन्हीकडं सिताबाईंना आणि दुसऱ्या एका शिपायाला उभं केलं. सगळी काळजी घेतली.

पहिल्याच छर्‍याला 'टण्ण' असा आवाज झाला. लक्ष्यापासून हातभर बाजूला शाळेची घंटा टांगलेली आहे, रुळाचा तुकडा. तिला लागला. सातवा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. अकराशे पोरं दप्तरं घेऊन फाटकाबाहेर गेली. दोन शिक्षकही गेले.

गुरुसिद्धप्पा सर धावत आले. "उपाध्ये, शाळा कुणी सोडली?" मी पूर्व दिशेचं महत्त्व सांगायला लागलो, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही.

सिताबाई रुळावरचा डाग पदरानं पुसत म्हणाल्या, "पोरीचा हात हातभर चुकत न्हाय सर. नळी बघा." ही बाई एकदा एक धरून बसली की बसली.

बुधवार, २४ सप्टेंबर

आठ दिवस पाऊस. भिंतींना ओल आलीय, खडू ओले झालेत, माझे गुडघे धरलेत. गुण एकशे नऊ.

या आठवड्यात केलेले उपाय: शिवलीलाची वेणी उजवीकडची डावीकडं घ्यायला लावली. छर्रा सोडताना मनात 'अ' म्हणायला लावलं, मग 'उ', मग 'म'. 'म'ला छर्रा लक्ष्याच्या लाकडी चौकटीत रुतला. चंद्रप्रभा म्हणाली, "ती पोरगी शहाणी म्हणून ऐकतीय, मी असते तर तुमच्यावरच नेम धरला असता."

सिताबाई आज पुन्हा दोरी घेऊन दारात उभ्या. "सर, धा मिंटं द्या मला. निस्ती धा मिंटं."

मी चिडलो. "सिताबाई, हे शास्त्र आहे, भांडी घासणं नाही!"

त्या 'बरं सर' म्हणून गेल्या. चहा ठेवायला आल्या तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. माफी मागावी असं वाटलं. पण मोठ्या माणसानं शब्द मागं घेतला की पोरं डोक्यावर बसतात, म्हणून घेतला नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही हेच नवल. आमचं घराणं मूळचं तुळजापूरचं, चार पिढ्या पूजेअर्चेतल्या, आणि मी वेण्या उजवीकडच्या डावीकडं करत बसलो. हत्याराची पूजाच झालेली नाही. हत्यार रुसणार नाही तर काय!

आज तिन्ही रायफली चौरंगावर उभ्या केल्या. तोंडं वर. यथासांग केलं. हळद, कुंकू, अक्षता. प्रत्येक नळीत पळीभर खोबरेल तेल सोडलं, कोरडेपणा नको म्हणून. वरून तोंडात झेंडूचं एकेक फूल खोवलं. पेढ्याचा नैवेद्य दाखवला. सिताबाई दारातून बघत होत्या. मी तेल सोडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. भाविक आहे बाई.

अडचण एकच झाली. उद्या दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी. गांधीजींच्या फोटोसाठी शाळेत चौरंग एकच, आणि त्यावर बंदुका. खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. गुरुसिद्धप्पा सर दहा मिनिटं डोकं धरून बसले. शेवटी गांधीजी शिक्षकखोलीतल्या टेबलावर आणि बंदुका चौरंगावर, मध्ये पडदा, असं ठरलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काय लिहू!

शिवलीलानं तीन नंबर उचलली, पहिला छर्रा सोडला आणि 'धाड'! खरोखरीच्या तोफेसारखा आवाज. नळीच्या तोंडातून धूर. खोलीभर खोबरं तळल्याचा खमंग वास. मी तर हातच जोडले. पूजा पोचली!

सिताबाई धावत आल्या. "सर, तेल पेटलं आत! भडका हाय त्यो! बंदूक फुटंल!" मी म्हटलं, अहो, तेजच आहे ते.

दुसऱ्या छर्‍याला लक्ष्य लालभडक झालं. कुंकू. तिसऱ्याला पिवळं. चौथ्याला कागदाला चार भोकं पडली, एक छर्‍याचं आणि तीन बहुधा अक्षतांची. कुठलं मोजायचं तेच कळेना. मी उदार मनानं मोजले तरी एकूण अठ्ठावन्न.

शिवलीलानं रायफल हळूच खाली ठेवली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मला वाटलं धुरानं ठसका लागला. जवळ गेलो तर रडत होती. "अय्यो सर, माझा हातच गेला आता," म्हणाली. "मला काढून टाका. नाव पाठवू नका."

मी तिला पाण्याचा तांब्या आणून दिला. बत्तीस वर्षं पोरांना नापास करतोय, पण असं कुणी रडलेलं नाही. अकरा दिवस राहिले. देवा, मी नक्की काय चुकतोय?

शनिवार, ४ ऑक्टोबर

सकाळी सिताबाई आपणहून बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नळीचा विषय काढला नाही. म्हणाल्या, "सर, तुमची पूजा लई पावरफुल हाय. पर रोज पूजा करायची आन रोज पोरीनं शिवायची, ह्ये सोवळ्या-ओवळ्याला बसतं का?"

तत्क्षणी माझ्या लक्षात आलं. बसत नाही! पूजेची मूर्ती वेगळी, रोजच्या वापराचं वेगळं. मी जागच्या जागी निर्णय घेतला. एक नंबरची रायफल सोवळ्यात ठेवायची. पाटावर, लोकरीच्या धाबळीवर, कोपऱ्यात. ती तिन्हींची प्रतिनिधी. रोज सकाळी आठ वाजता मी अंघोळ करून येणार, तिची पूजा करणार, कुणी शिवायचं नाही. तीन नंबर ओवळ्यातली. तिला मी स्वतः बोट लावणार नाही. ती शिवलीलानं वापरावी.

"म्हंजे तीन नंबरला तुमी हात लावणार न्हाय?" सिताबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "तेल बी न्हाय, फूल बी न्हाय?"

"शपथ," मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी या शाळेत कधी बघितला नव्हता. माझी कल्पना त्यांनाही आवडली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

एकशे चव्वेचाळीस! तीन दिवसांच्या पूजेत!

आणि शिवलीलात केवढा बदल! आता सकाळी साडेआठलाच येते आणि सिताबाईंबरोबर खोली झाडते. मी म्हटलं, अगं, तू नेमबाज आहेस, झाडू नकोस. म्हणाली, "असू द्या सर, आवडतं." एवढी नम्रता! झाडताना दार मात्र लावून घेतात दोघी. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून असेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

एकशे त्रेसष्ट. मी पूजेत साखर वाढवली.

खोलीची शिस्त मात्र जरा ढासळलीय. कचऱ्याच्या टोपलीत रोज काळ्याकुट्ट चिंध्या पडलेल्या असतात. शेजारच्या शिवणवर्गाच्या असणार. तिथं मुली काय शिवतात कोण जाणे. खिळ्याला एक नायलॉनची दोरी लटकतेय, ती कुणाची विचारलं तर दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि सिताबाईंच्या लुगड्याचा पदर रोज वीतभर आखूड होतोय. गरिबी वाईट. दिवाळीला चंद्रप्रभाकडून त्यांना एखादं लुगडं द्यायला हवं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

एकशे चौऱ्याहत्तर!!

चंद्रप्रभाला सांगितलं, "बघ. श्रद्धेचं फळ." ती पदराला हात पुसत बाहेर आली. आज बाजारात तिला सिताबाई भेटल्या होत्या म्हणे. मग म्हणाली, "अरे वा." सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! पण म्हणताना हसत का होती, हे कळलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

उद्या स्पर्धा. आज मी शेवटचा आणि सगळ्यात मोठा निर्णय घेतला. दहा दिवसांची पूजा एक नंबरच्या रायफलीत साठलेली आहे. नुसत्या ओवळ्यातल्या बंदुकीनं पोरीनं एकशे चौऱ्याहत्तर मारले, तर पूजेचं हत्यार हातात आल्यावर काय करील! उद्या शिवलीला एक नंबरनंच खेळणार.

हे सांगितलं तर पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, नको! मला तीनचीच सवय हाय सर!"

"अगं, घाबरायचं काय त्यात?"

सिताबाई मध्ये पडल्या. "सर, सोवळ्यातली बंदूक एष्टीत न्यायची? धा लोकांचा हात लागंल."

मला हे आधीच सुचलं होतं. धाबळी! लोकरीला विटाळ नसतो. धाबळीत गुंडाळून मांडीवर घेऊन जाणार. मग सिताबाई हट्टाला पेटल्या की पोरीबरोबर बाईमाणूस पाहिजे, मी बी येणार. गुरुसिद्धप्पा सरांनी परवानगी दिली.

दुपारी गुंडाळायचं काम सिताबाईंनीच केलं. आधी मला म्हणाल्या, "सर, पानाचा डबा हाय का? चुना पायजे जरासा." या पान खातात हे मला आजच कळलं. बोटं सगळी पांढरी करून घेतली होती, अंगठ्याला कुठलीशी काजळीही लागली होती. गाठ बांधण्याआधी मी दस्ता बघून घेतला. एक नंबर, ठळक. फूल मात्र नव्हतं आणि कुंकूही दिसेना. पूजा हत्यारात मुरली असावी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. उद्या लिहायला गेलो तर मी त्यात बदल करीन, मला माझी खोड माहीत आहे.

सकाळची सहाची एसटी. कंडक्टरनं माझ्या मांडीवरची धाबळी बघून विचारलं, "महाराज, वीणा हाय का?" मी खरं ते सांगितलं. नळदुर्गपर्यंत माझ्या आसपास कुणी बसलं नाही.

धाराशिवला स्पर्धेआधी रायफलींची तपासणी असते. तपासणारे पंच म्हणजे निवृत्त सुभेदार, मिशा भरघोस, आवाज त्याहून मोठा. त्यांनी आमची रायफल मोडली, खिडकीकडं धरली, नळीतून बघितलं. बघतच राहिले. मग गरजले, "उमरग्याचे सर कोण?"

मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"सकाळपासून एकवीस रायफली बघितल्या. एकीत कोळ्याचं जाळं, एकीत गंज, एकीत खडूचा तुकडा. नळी म्हणावी अशी ही एकच. आरसा आहे आरसा! कोण निगा राखतं हिची?"

"मीच," मी म्हणालो. "रोज. आठ ते सव्वाआठ." मागं शिवलीलाला जोरात खोकला आला. सिताबाईंनी तोंडाला पदर लावला.

शिवलीला उभी राहिली. मी डोळे मिटले होते, आकडे तेवढे ऐकत होतो. नऊ, दहा, दहा, आठ, नऊ, दहा... शेवटी एकशे एकोणऐंशी! दुसरी! पहिल्या दोघी लातूरला जाणार. खोली वाचली! मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही, बहुधा संस्कृतात ओरडलो. शिवलीला रायफल ठेवून पळत आली आणि सिताबाईंच्या गळ्यात पडली. मी जरा खांबाआड होतो, म्हणून मी दिसलो नसेन, असं तेव्हा वाटलं.

बक्षिसांच्या आधी सुभेदारसाहेबांनी सगळ्या शिक्षकांना पुढं बोलावलं. "गुरुजी हो, आज निम्म्या पोरांचे गुण हातानं नाही, नळीतल्या घाणीनं गेलेत. पोरं बिचारी स्वतःला दोष देतायत. उमरग्याचे सर आता आपल्याला नळी कशी साफ करायची ते दाखवतील."

माझ्या एका हातात रायफल, दुसऱ्या हातात एक दोरी आणि पांढऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे. समोर चाळीस शिक्षक, त्यातल्या वीस जणांचे मोबाइल वर. काय करायचं असतं? हात सवयीनं चालला. मी कापडाचा तुकडा गंध लावतात तसा नळीच्या तोंडाला टेकवला आणि नमस्कार केला.

हशा पिकला. त्यांना वाटलं, सर विनोद करतायत. सुभेदार म्हणाले, "आधी नळीतून बघा आणि सांगा काय दिसतं ते."

मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आत गोल, स्वच्छ उजेड होता आणि त्याच्या कडेनं बारीक वळ्या फिरत गेलेल्या. कुंकवाचा कण नाही. मी दहा दिवस रोज चिमूटभर कुंकू घातलेलं, ते गेलं कुठं? हाताला घाम सुटला होता, दस्त्यावरचा अंगठा सरकला आणि काळा-पांढरा झाला. चुना. त्याखाली काजळी. 'एक' पुसला गेला आणि काजळीखाली झाकलेला 'तीन' उभा होता.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. दोरी, चिंध्या, बंद दार, आखूड होत चाललेला पदर, सगळं एकदम. आणि त्या दिवशी पोरगी जी रडली, ती माझ्यामुळं रडली, हेही.

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. 'तब्येत बरी नाही' म्हणून दोरी खाली ठेवता आली असती. तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. समोर सिताबाई हात बांधून उभ्या होत्या आणि डोळ्यांनी मला खुणावत होत्या, ओढा, मागनं ओढा. एवढं झाल्यावरही ती बाई मला वाचवायला बघत होती. मला माझीच लाज वाटली.

म्हणालो, "मी मघाशी खोटं बोललो. ही नळी मी एकदाही पुसलेली नाही. उलट तेल ओतून घाण केली. निगा राखली ती या सिताबाईंनी. मी त्यांना पाच वेळा नको म्हणालो आणि एकदा फार वाईट बोललो."

"अवं सर, काय बोलताय ह्ये!" असं म्हणत त्या पुढं आल्या. पदर खोचला, रायफल मोडली, दोरी घातली, चिंधी बांधली, सर्रकन ओढली. सगळे मोबाइल त्यांच्याकडं वळले. "मागनं पुढं," त्या म्हणाल्या. "छर्रा जातो त्याच वाटंनं. चिंधी पांढरी येईस्तवर. आन सणाला न्हाय, रोज."

टाळ्या सुभेदारांनी सुरू केल्या. सिताबाई लाजून खांबाआड गेल्या.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं की सर," त्या म्हणाल्या.

मी धाबळीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसलो. तुळजापूर गेल्यावर त्याच म्हणाल्या, "पूजा बी कामी आलीच की सर. तुमी तिकडं गुंतला म्हणून तर आमाला नळी घावली."

शिवलीला खिडकीकडं तोंड करून हसत होती. मग वळून म्हणाली, "सर, रागावला का?" मी म्हटलं, "संस्कृतात चौदा मिळाले तेव्हा रागावलो होतो. आता नाही."

बुधवार, १५ ऑक्टोबर

गुरुसिद्धप्पा सरांनी सकाळी सगळ्या शाळेसमोर शिवलीलाचं नाव घेतलं. खोलीच्या नोंदवहीत 'देखभाल' या रकान्यात माझं नाव होतं. ते मी खोडलं, सिताबाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यांच्याच पुढ्यात शिक्का मारला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "नाव लिवलं म्हून सुटला न्हाय तुमी. चला."

कोपऱ्यातली खरी एक नंबर पोत्याखाली झाकून ठेवलेली होती. तिच्यात साखरेमुळं मुंग्यांची रांग लागलेली. सिताबाईंनी दोरी माझ्या हातात दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी आज बघितलं.

पहिली चिंधी लाल आली. दुसरी पिवळी. तिसरीबरोबर झेंडूची पाकळी आणि दोन अक्षता आल्या. मग काळ्या सुरू झाल्या. मी चुकून पुढून मागं घातली तर त्या ओरडल्या, "मागनं!" शिवलीला मोजत होती. सातवी काळी, अकरावी काळी, पंधरावी करडी. माझे खांदे भरून आले, सदरा काळा झाला. तेविसावी चिंधी पांढरी निघाली. मी ती उजेडात धरली, उलटीसुलटी करून बघितली, सिताबाईंनाही दाखवली.

"झालं?" मी विचारलं. "आता काय करायचं?"

त्यांनी चिंधी हातात घेऊन नीट निरखली आणि उठता उठता म्हणाल्या, "आता उद्या."